उघडिपीचा पहिला दिवस

गेल्या माघात माझी निकिता हिमाचलातल्या डोंगरात बर्फावरून घसरायला गेली, ती माझ्या थोरल्या भावाच्या शब्दावर. तिचे वडील नको म्हणत होते. मी तोंडानं काही बोलले नाही, पण मनातून माझंही नकोच होतं. तेव्हा सूर्यभानदादा पाथरीला आमच्या घरी आला, चहा घेतला आणि बशी खाली ठेवून म्हणाला, "जाऊ द्या तिला. रोज सकाळी माझ्याशी बोलल्याबिगर ती वर पाय टाकणार न्हाई. ही माझी जिम्मेदारी."

दादा कमी बोलतो, त्यामुळं तो बोलला की आमच्या घरात विषय मिटतो. तसा तो मिटला. माझ्या जिवाची घालमेल मात्र काही मिटली नाही.

परभणी जिल्ह्यात बसून बर्फाची जिम्मेदारी घेणारा माणूस म्हटल्यावर कुणालाही हसू येईल, म्हणून हा दादा कोण ते आधी सांगते.

आमचं माहेर पोखर्णीच्या जवळचं. काळी जमीन, विहीर, दोन बैल आणि नरसिंहावर भार. आमच्याकडं बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा, लाल-हिरवं पाणी टाकलेला. दादा दहावी झाला त्या साली परभणीला फौजेची भरती निघाली. मित्र एकटा कसा जाईल म्हणून हा सोबतीला गेला. मित्र छातीच्या मापात बसला नाही, दादा बसला. आई पुढं कितीतरी वर्षं म्हणायची, "सोबतीला म्हणून गेलं अन् नवरदेव होऊन आलं माझं लेकरू."

नशिबानं त्याला डोंगरातली चौकी मिळाली. तिथं रोज सकाळी बर्फ मोजायचा, त्यात खड्डा खणून थर बघायचे, पायाला लांब फळ्या बांधून गस्तीला जायचं आणि कोणती उतरण आज चालण्याजोगी आहे, कोणती नाही, ते खालच्या लोकांना कळवायचं. त्या फळ्या म्हणजे स्की. उन्हाळ्यात दादा सुट्टीवर यायचा. दुपारी आम्ही सगळे लिंबाखाली घामाघूम होऊन पडलेलो असायचो आणि दादा बर्फाचं सांगायचा. आई त्याच्या अंगावर ओलं फडकं टाकत म्हणायची, "आजून सांग रं, तेवढंच गार वाटायलंय."

त्यातली घोंगड्यांची गोष्ट आम्हाला पाठ आहे.

पहिलाच हिवाळा. चौकीवर परभणीकडचे दोघंच, एक दादा आणि दुसरे सिद्धोधन. सिद्धोधन देवगाव फाट्याकडचे. दोन गावांत एवढं अंतर, पण तिथं डोंगरात गेल्यावर सख्खे भाऊ झाले. कित्येक दिवस बर्फ पडत होता. सगळं ओलं, अंथरूण ओलं, पांघरूण ओलं. आणि एका सकाळी आभाळ उघडलं. निळंभोर, डोळे दिपतील असं ऊन.

आता आमच्याकडं पावसाची झड संपून उघडीप पडली की बाई काय करते? घरातलं ओलं-दमट सगळं बाहेर काढते. घट बसायच्या आधी तर गावातल्या झाडून सगळ्या गोधड्या नदीवर धुऊन खडकावर पडतात, लांबून बघितलं तर रान फुलल्यासारखं दिसतं. या दोघांनी तेच केलं. बाकीचे जवान पुढच्या दाराशी बर्फ काढत होते. यांनी सगळ्यांची घोंगडी उचलली आणि चौकीमागच्या उतरणीवर, चांगली उन्हाची बाजू बघून, ओळीनं पसरली. कोपरे नीट ओढून वर दगड ठेवले. सिद्धोधन म्हणाले म्हणे, "माय बघायला पाहिजे होती. मला आळशी म्हणते."

तेवढ्यात त्यांना बर्फातलं काम शिकवणारा उस्ताद बाहेर आला. लाहौलकडचा बुटका माणूस. तो ओरडला नाही, धावला नाही. हातानंच त्यानं 'चहा प्यायला या' अशी खूण केली. यांना वाटलं, काम बघून खूश झाला. दोघं खाली आले. हातात पेला घेतला आणि मागं एखाद्यानं दमून सुस्कारा टाकावा तसा आवाज झाला. वळून बघतात तर उतरण रिकामी. वरचा सगळा नवा बर्फ घोंगड्यांसकट दरीत गेला होता.

उस्तादानं त्यांना चहा संपवू दिला. मग म्हणाला, "तुमच्याकडचं ऊन वाळवतं. इथलं ऊन सोडवतं. झड संपल्यावरचा पहिला उन्हाचा दिवस, हाच इथं माणसं नेतो."

त्या हिवाळ्यात उरलेली पांघरुणं वाटून घ्यावी लागली आणि या दोघांच्या वाट्याला मिळून एकच आलं. पलटणीत त्यांना 'परभणीचे धोबी' हे नाव पडलं, ते पेन्शनीपर्यंत. ही गोष्ट सांगताना दादा खळखळून हसायचा, पण शेवटी आईकडं बघून एकदा गप व्हायचा. आई मग उठून देवापुढं साखर ठेवायची.

फौजेतून सुटल्यावरही दादा काही हिवाळे तिकडंच जात राहिला. स्कीवर हिंडणाऱ्या हौशी लोकांबरोबर वाटाड्या म्हणून. नंतर वहिनीचे गुडघे धरले, शेत बटाईनं किती दिवस देणार, म्हणून कायमचा गावी आला. त्याचं शरीर आलं, एवढं खरं. सकाळी मोबाईलवर तो आधी तिकडचं हवामान बघतो, मग बैलांचं वैरण-पाणी. आमच्या कमलवहिनीला म्हणतो, "रोहतांगच्या अंगाला रात्री फूटभर पडलं बघ." वहिनी भाकरी थापता थापता म्हणते, "मग मी काय झाडायला जाऊ का?"

निकिताला हे वेड लागलं ते मामाच्या अंगणात. दिवाळीच्या सुट्टीत ती लहान असताना दादानं तिला बर्फ शिकवला होता, म्हणजे बर्फाशिवाय. एक फळी तिरकी लावली. त्यावर ज्वारीचे दाणे पसरले, वरून जाड गोधडी अंथरली. "हे दाणे म्हंजी खालचा जुना बर्फ. कोरड्या थंडीत त्याची साखर होती, एकमेकाला धरत न्हाई. अन् ही गोधडी म्हंजी वाऱ्यानं आणून दाबलेला नवा बर्फ. वरून बघितलं तर कसं घट्ट दिसायलंय? आता बोट लाव." तिनं बोट लावलं. गोधडी सरसर खाली आली आणि दाणे अंगणभर. वहिनी झाडू घेऊन बाहेर आली. निकिता मात्र दिवसभर तेच करत बसली. फळी थोडी आडवी केली की गोधडी थांबायची, उभी केली की दाणे आधीच गळून जायचे. "मधलीच उतरण वाईट गं," दादा म्हणाला. "जिथं घसरायला मजा येती, तीच."

निकिता पुण्यात नोकरीला लागली, सह्याद्रीतले गड पालथे घातले आणि मग दोन हिवाळे जाऊन स्की शिकून आली. तोवर माझी हरकत नव्हती. तिथं तारेवरच्या पाळण्यात बसवून वर नेतात, राखलेल्या उतरणीवरून खाली सोडतात, माणसं असतात. पण गेल्या वर्षी तिला पाळणा नको झाला. स्कीच्या खाली केसाळ पट्टा लावून स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचा, वर गेल्यावर पट्टा काढायचा आणि जिथं कुणी गेलं नाही अशा कोवळ्या बर्फावरून उतरायचं. तिथं राखण करणारं कुणी नसतं. डोंगर ज्याचा त्यानं वाचायचा.

तर ती गेली. रोज सकाळी मामाशी बोलायची, मग मामा मला फोन करायचा, "चाल्ली ती, चांगलं हाय." मी पोळ्या लाटायला घ्यायचे ते त्यानंतर. आठवड्यानं तिकडं बर्फाची झड लागली. सगळे खोलीतच अडकले. मला बरंच वाटलं. मी नरसिंहाच्या दर्शनाला म्हणून पोखर्णीला गेले आणि तशीच माहेरी दादाकडं राहिले. ज्वारीची काढणी चालू होती. सकाळी मी न्याहारी घेऊन रानात गेले तर दादा बांधावर बसलेला आणि फोन वाजला. त्यानं तो मला ऐकू यावा असा मोठा करून मांडीवर ठेवला.

"मामा, उघडलं," निकिताचा आवाज असा की जशी दहावीत पहिली आली. "काय ऊन पडलंय सांगू. एक ढग नाही."

दादानं हातातली भाकरी फडक्यात परत ठेवली. "पडलं किती?"

"मांडीएवढं."

"वारं?"

"काल दिवसभर होतं. खिंडीच्या या बाजूनं तिकडं."

"अन् तुमी उतरणार कोण्या अंगानं?"

"पलीकडच्या."

"म्हंजी वाऱ्यानं सगळं जिथं नेऊन टाकलं, तिथं."

"मामा, आमचे सर इथं दहा-बारा वर्षं येतात. ते म्हणतात कडेकडेनं, एकेकानं गेलं तर चालतंय. सगळे निघायलेत. तुम्ही फक्त हो म्हणा ना."

"खड्डा खणला का?"

"झड लागायच्या आधी खणला होता."

"ती उतरण आता नव्या बर्फाखाली गेली बाई. आता नवी हाय. तिच्याच तोंडाची बारकी उतरण बघ कुठं घराजवळ, जिच्या खाली दरी न्हाई अशी. तिथं खण. मी हाय इथंच."

तिकडं फावड्याचा आवाज यायला लागला. दादानं फोन ठेवला नाही. रानात बाया ज्वारी काढत होत्या, त्यांचं बोलणं येत होतं, कुणाच्या तरी सुनेचं काहीतरी. मी नरसिंहाचं नाव घेत बसले होते. मला वाटत होतं, फोन ओढून घ्यावा आणि सांगावं, जाऊ नको, आत्ताच्या आत्ता गाडीत बस. मी हात पुढं केलाही होता. दादानं नुसतं माझ्याकडं बघितलं आणि हळू म्हणाला, "बबे, आज तू थांबवशील. उद्या मी न्हाई, तू न्हाई."

"मामा," निकिता धापा टाकत होती. "वरचा हातभर घट्ट आहे. खाली मऊ. आणि तळाला…"

"तळाला काय?"

"साखर आहे."

"मुठीत धर."

"धरली. गळतेय."

"आता चारी बाजूनं कापून चौकोनी खांब मोकळा कर. मग वर फावडं ठेवून हलक्या हातानं थाप मार."

पुन्हा आवाज. मग काहीच नाही. मला वाटलं फोन तुटला.

"निकू?"

"थाप मारायची वेळच आली नाही. मागची बाजू कापतानाच वरचं सगळं सरकून माझ्या मांडीवर आलं."

"बरं," दादा म्हणाला. "मग?"

"मग काय मामा? तुम्ही सांगा."

"मी कसं सांगू? मी ज्वारीच्या रानात बसलोय. मला इथून सोपानरावाची म्हैस दिसायलीय. डोंगर तुला दिसायलाय."

"सगळे हसतील मला."

"हसतील की."

"एवढे पैसे भरून, एवढे दिवस खोलीत बसून, आज ऊन पडलं तर…"

दादानं बांधावरचं हरभऱ्याचं डहाळं उपटलं होतं, त्याचा एक एक घाटा सोलून तो बाजूला ठेवत होता. खात नव्हता.

"मी थांबते," ती म्हणाली. आवाज रडवेला होता. "त्यांनाही खड्डा दाखवते. पण मी थांबते." आणि फोन बंद.

दादानं डोळे मिटले, फडकं उलगडलं आणि तो जेवायला लागला. मी पाणी दिलं.

तिनं खड्डा सगळ्यांना दाखवला. एक मुलगी तिच्यासोबत थांबली, बाकीचे गेले. दिवसभर मी माहेरच्या देवघरात निरांजन विझू दिलं नाही. आपली पोरगी खोलीत आहे हे माहीत असूनही हात जोडलेलेच राहिले. त्या गेलेल्या पोरांच्याही आया कुठं ना कुठं होत्याच की.

चार वाजून गेल्यावर निकिताचा निरोप आला. 'सगळे आले. काही झालं नाही.' सोबत कुणीतरी काढलेला फोटो. निळं आभाळ, पांढरीशुभ्र उतरण आणि तिच्यावर वळणावळणाच्या सुंदर रेघा. डोंगर जागचा हलला नव्हता.

"नरसिंहाची कृपा," दादा म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. मी त्याचा चेहरा बघत होते म्हणून सांगते.

पुढचे काही दिवस ती सौम्य उतरणींवर गेली, मामाला रोज फोनही केला, पण कामापुरता. होळीला पुण्याहून आली तर आजोळी चल म्हटल्यावर कुरकुरत आली. पुरणपोळीचं जेवण झालं. ओट्यावर दादा सुतळी वळत बसला होता, निकिता दुसऱ्या टोकाला मोबाईलमध्ये डोकं घालून. मधे आम्ही दोघी नणंद-भावजया. असं किती वेळ चालणार? वहिनीनंच तोंड फोडलं.

"का गं, डोंगर पडला न्हाई म्हणून मामावर रुसलीस का?"

निकिताला हसू आलं, ते तिनं गिळलं. "तसं नाही हो मामी."

"मग कसं?"

"सगळे उतरले. आयुष्यात विसरणार नाहीत म्हणतात. आणि मी खोलीत बसून मॅगी खाल्ली." मोबाईल बाजूला ठेवून ती दादाकडं वळली. "ग्रुपमध्ये अजून मला 'खड्डेवाली' म्हणतात. मामा, खरं सांगा, तुमचं चुकलं ना?"

"चुकलं असंल," दादा म्हणाला.

"असंल काय?"

"ती पोरं हसत घरी आली. मग चुकलंच म्हण. ह्याच्यात चुकायला मला लय आवडतं." सुतळीला पीळ देत तो पुढं म्हणाला, "ती साखर मात्र खोटी नव्हती बाई. तुझ्या मांडीवर आली होती. डोंगर त्या दिवशी कशानं थांबला, ते त्यालाच ठाऊक. मला न्हाई, तुझ्या सरालाबी न्हाई."

निकिताला ते पटलं होतं की नाही, मला कळलं नाही. थोड्या वेळानं ती सरकत सरकत मामाजवळ आली आणि सुतळीचं दुसरं टोक धरलं.

"पुढच्या माघात मी परत जाणार आहे."

"जा की."

"मामा, तुम्ही असे किती वेळा माघारी फिरलात? आणि नंतर काहीच झालं नाही, असं?"

दादानं हात थांबवले. हे त्याला कुणी कधी विचारलं नसावं. "लय बार. मोजलं न्हाई. निघायचं, खणायचं, बघायचं, माघारी. निम्म्याहून जास्ती हिवाळा तसाच जायचा."

"मग त्यातलं कधी काही सांगितलं नाहीत. सारखं ते घोंगड्यांचंच."

"त्यात सांगण्यासारखं काय हाय? काही झालंच न्हाई."

"एखादा दिवस सांगा ना. काही न झालेला."

घोंगड्यांची गोष्ट दादाच्या तोंडातून पाण्यासारखी यायची, ही यायला वेळ लागला. वहिनीही भांडी सोडून टेकून बसली. इतक्या वर्षांच्या संसारात तिनंही हे ऐकलेलं नव्हतं.

"एक दिवस आठवतो," तो म्हणाला. "असंच लख्ख ऊन. उस्ताद, मी, सिद्धोधन अन् एक गढवाली पोरगा. पल्याडच्या चौकीला गूळ अन् डाक पोचवायची होती. निम्म्यावर गेलो, अन् पायाखाली बर्फ हुम्म करून बसला, म्हंजी खालची साखर दबली. सगळ्यांनी ऐकलं. उस्तादानं काही न बोलता फळ्या वळवल्या. माघारी आलो. मग दिवसभर करायचं काय? उस्तादानं कात्री काढली अन् सगळ्यांचे केस कापले. माझे एका बाजूनं जास्तच. गढवाली पोरगा त्याच्या बहिणीच्या लग्नातलं गाणं म्हणत होता, त्याला तेवढं एकच यायचं. चुलीवर मोजे वाळायलेले. खिडकीच्या काचेवर बर्फाची नक्षी होती, तिच्यातून ऊन आत यायचं, सगळ्यांच्या तोंडावर. अन् सिद्धोधननं भात करपवला. तोच खाल्ला. ती उतरण काही पडली न्हाई. उन्हाळ्यात जागेवरच वितळली."

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि ते सगळे?"

"हायेत की. उस्ताद थकला, पण हाय. गढवाली पोराची पोरगी आता बँकेत लागली. सिद्धोधन तर परवा देवगाव फाट्यावर भेटला, सुगतच्या बारशाला या म्हणला. नातवाचं नाव सुगत ठेवायलेत." दादा स्वतःशीच हसला. "म्हणला, भात मी न्हाई करणार, आचारी लावलाय."

निकिता गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत होती.

"पण एवढी चार माणसं खोलीत होती," ती म्हणाली, "तरी भात करपला कसा?"

"त्याचं असं झालं," दादा म्हणाला आणि सुतळी खाली ठेवून नीट मांडी घालून बसला.